प्रशिक्षणाचे तास वहीत नकोत, काउंटरवर हवेत: सांगली-साताऱ्याच्या फार्मसी महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
प्राचार्य, प्राध्यापक आणि अंतिम वर्षाचे विद्यार्थी,
सांगली व सातारा जिल्ह्यांतील औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालये

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेत नोंदणीकृत फार्मासिस्ट म्हणून काम करते. सुरुवातीची वर्षे रुग्णालयाच्या औषध विभागात गेली आणि त्यानंतर मी स्वतःचे मेडिकल चालवते आहे. वार्षिक परीक्षा संपल्या की विद्यार्थी, आणि पुष्कळदा त्यांचे पालकही, प्रशिक्षणाचा छापील नमुना घेऊन माझ्याकडे येतात. त्यांतल्या काहींना मनापासून शिकायचे असते. बाकीच्यांना तीन महिन्यांची हजेरी एका बैठकीत भरून हवी असते आणि ती मागताना त्यांना संकोचही वाटत नाही, कारण ‘सगळे मेडिकलवाले देतात’ हे त्यांना वरच्या वर्गातल्या मुलांनी सांगितलेले असते. दुर्दैवाने ते सांगणे बरेचसे खरे आहे. म्हणून हे पत्र एकट्या विद्यार्थ्यांना उद्देशून न लिहिता त्यांच्या महाविद्यालयांना, आणि ओघाने माझ्या व्यवसायबंधूंनाही, लिहीत आहे.

नियम काय सांगतो ते आपणांस ठाऊक आहेच. पदविका अभ्यासक्रमाच्या २०२० च्या विनियमांनुसार किमान ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, तेही किमान तीन महिन्यांच्या काळात, झाले पाहिजे आणि त्यांपैकी निदान २५० तास डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषधे प्रत्यक्ष देण्यात गेले पाहिजेत. पदवीचे चित्र वेगळे आहे. तेथे सहाव्या सत्रानंतर कारखान्यात किंवा रुग्णालयात चार आठवड्यांत १५० तास काम करावे असे म्हटले आहे, सातव्या सत्रात ‘फार्मसी प्रॅक्टिस’ हा विषय आहे, परंतु काउंटरवर इतके तास उभे राहून रुग्णांना औषध दिलेच पाहिजे अशी पदविकेसारखी अट नाही. तरीही दोघांची नावे महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलच्या एकाच नोंदवहीत जातात आणि १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमाने चिठ्ठीवरचे औषध देण्याचा जो अधिकार फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टला दिला आहे, तो दोघांनाही सारखाच मिळतो. आठ सत्रे उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेला पदवीधर एकाही आजीबाईला इन्हेलर कसा ओढायचा हे न दाखवता तो अधिकार मिळवू शकतो, ही आपल्या शिक्षणातली मोठी त्रुटी आहे आणि ती भरून काढणे महाविद्यालयांच्या हातात आहे.

विद्यार्थ्यांना औषधांची माहिती नसते असे माझे म्हणणे नाही. औषधाचे वर्गीकरण, शरीरातील त्याचे शोषण, दुष्परिणामांची यादी हे सारे त्यांना माझ्यापेक्षा ताजे आठवते. अडचण येते ती समोर घाईत असलेला माणूस, हातात अस्पष्ट अक्षरांची चिठ्ठी आणि मागे रांग अशा स्थितीत त्या माहितीचा उपयोग करताना.

पॅरासिटामॉलचेच घ्या. मुलांना एका वेळी दर किलो वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम, हे कुठलाही विद्यार्थी सांगेल. पण बाजारात हेच औषध १२० किंवा १२५ मिलिग्रॅम प्रति ५ मिली, २५० मिलिग्रॅम प्रति ५ मिली आणि ड्रॉप्सच्या रूपात १०० मिलिग्रॅम प्रति १ मिली अशा तीव्रतांत मिळते. आठ किलोच्या बाळाला साधारण १०० मिलिग्रॅम द्यायचे असेल तर ड्रॉप्स १ मिली पुरतात आणि २५० च्या सिरपचे २ मिली लागतात. थोरल्या मुलाला ‘अर्धा चमचा’ देण्याची सवय असलेल्या आईने ड्रॉप्सही त्याच मापाने दिले, तर बाळाच्या पोटात दुपटीहून जास्त औषध जाते, आणि ताप उतरत नाही म्हणून दिवसातून चार वेळा जाते. ही बेरीज-वजाबाकी काउंटरवर, मोबाईल न उघडता, आईकडून बाळाचे वजन विचारून, पिचकारीवर खूण करून दाखवता आली पाहिजे. मी येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी हेच गणित घालते. गणित बहुतेकांना येते. मात्र वजन विचारायचे पुष्कळांना सुचत नाही.

चिठ्ठी वाचणे हेही असेच. कार्बामॅझेपिन हे फिट्सचे औषध आणि कार्बिमॅझोल हे थायरॉईडचे. अक्षर वाईट असेल तर पहिली चार अक्षरे सारखीच दिसतात. अशा वेळी अंदाज बांधण्यापेक्षा ‘हे औषध कशासाठी दिलंय?’ असे रुग्णाला विचारणे आणि तरीही शंका उरली तर डॉक्टरांना फोन करणे, एवढाच मार्ग आहे. हा फोन करायला विद्यार्थी विलक्षण घाबरतात. डॉक्टर रागावतील, आपल्याला येत नाही असे वाटेल, ही भीती असते. मिरजेसारख्या गावात, जिथे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मिशन हॉस्पिटल उभे राहिले आणि आजही गल्लोगल्ली दवाखाने आहेत, तिथे फार्मासिस्टने डॉक्टरांशी बोलणे ही रोजची गोष्ट असायला हवी. स्वतःचे नाव व मेडिकलचे नाव सांगावे, रुग्णाचे नाव सांगावे, शंका एका वाक्यात मांडावी, उत्तर लिहून घ्यावे आणि पुन्हा वाचून दाखवावे. वर्गात ‘कम्युनिकेशन स्किल्स’ पहिल्याच सत्रात शिकवले जाते. त्यात मुलाखतीला जाताना टाय कसा बांधावा याऐवजी हा फोन शिकवला तर फार बरे होईल.

मेथोट्रेक्झेटच्या बाबतीत तर अंदाजाला जागाच नाही. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि रोज घेतली तर तोंडात फोड येणे, रक्तपेशी कमी होणे येथपासून जिवावर बेतण्यापर्यंत मजल जाते. तिच्यासोबत बहुधा फॉलिक ॲसिड दिलेले असते आणि दोन्ही गोळ्या लहान, पिवळसर असू शकतात. ‘आठवड्यातून एकदा’ असे नुसते बोलून चालत नाही. वार ठरवून घ्यावा, पाकिटावर ‘फक्त रविवारी’ असे ठळक मराठीत लिहावे आणि रुग्णाला वाचता येत नसेल तर बरोबर आलेल्या नातेवाइकाकडून वदवून घ्यावे. इन्शुलिनचेही तसेच आहे. आपल्याकडे दर मिलीत ४० युनिट असलेल्या बाटल्या आणि दर मिलीत १०० युनिट असलेली पेन-काडतुसे दोन्ही चालतात. लाल झाकणाची सिरिंज ४० ची आणि नारिंगी झाकणाची १०० ची. ४० च्या बाटलीतले औषध १०० च्या सिरिंजने दहाच्या रेघेपर्यंत ओढले तर शरीरात फक्त चार युनिट जातात आणि साखर का वाढली म्हणून डोस वाढवला जातो. उलट घडले तर अडीचपट औषध जाऊन रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. बाटली आणि सिरिंज एकाच बिलात देताना दोन्हींवरचा आकडा बोटाने जुळवून दाखवणे, हे मी प्रशिक्षणातले अत्यावश्यक काम मानते.

आपल्या भागातील रुग्ण कोण आहेत, हे विद्यार्थ्याला माहीत असणे हाही कौशल्याचाच भाग आहे. गळीत हंगामात मराठवाड्यातून आलेली ऊसतोड कुटुंबे खोपीत राहतात; त्यांच्याकडे फ्रिज नसतो. पाण्यात कालवून द्यायच्या अँटिबायोटिक सिरपची बाटली थंड जागी ठेवून सात दिवसांत संपवायची असते. बाटलीवरच्या खुणेपर्यंत उकळून गार केलेले पाणी घालायचे, दर वेळी हलवायची, आठवड्यानंतर उरलेले टाकून द्यायचे, हे त्या मातेला सांगावे लागते, आणि फ्रिज नसेल तर डॉक्टरांना विचारून पर्याय काढावा लागतो. माण-खटाव, आटपाडीचा मेंढपाळ कळपामागे गेला की महिन्यानेच परततो. त्याला रक्तदाबाच्या गोळ्या दहा दिवसांच्या देऊन उपयोग नाही. तासगाव-पलूसकडचे द्राक्षबागायतदार फवारणीनंतर डोके दुखते, मळमळते म्हणून गोळी मागतात. त्यांना वेदनाशामक देण्याआधी फवारणी कधी केली, कोणते औषध मारले, घाम फार येतो का, डोळ्यांपुढे अंधारी येते का हे विचारून थेट रुग्णालयात पाठवता आले पाहिजे. जतच्या पूर्व भागातले आणि सीमेपलीकडून मिरजेला येणारे पुष्कळ रुग्ण कन्नड बोलतात. ‘सकाळी’, ‘रात्री’, ‘जेवणाआधी’, ‘जेवणानंतर’, ‘किती दिवस’ एवढे शब्द कन्नडमध्ये शिकायला विद्यार्थ्याला एक संध्याकाळ पुरते. हे शिकून आलेला एकही विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही.

सणवार आणि जेवणाच्या सवयींचेही भान हवे. श्रावणात, नवरात्रात, एकादशीला किंवा रोजाच्या दिवसांत मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी नेहमीच्या वेळी घेऊन उपाशी राहिले तर साखर धोकादायकरीत्या खाली येते; उपवास करणार का हे विचारून डॉक्टरांकडे वळवणे फार्मासिस्टचे काम आहे. थायरॉईडची गोळी बहुतेक बायका पहिल्या चहाबरोबर घेतात. ती रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि चहाला अर्धा-एक तास थांबावे, लोहाची व कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवावी, हे कोणीच सांगितलेले नसते. गोळी मोठी आहे म्हणून कुटून घेणारे आजोबा असतात. ती सावकाश विरघळणारी असेल तर कुटू नये हे त्यांना पटवावे लागते. धापेच्या कॅप्सूल यंत्रात घालून ओढायच्या असताना गिळून टाकणारे रुग्ण तर आम्ही सर्वांनी पाहिले आहेत. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांनी रुग्णाला औषधाचे नाव, मात्रा, घेण्याची पद्धत, कालावधी, साठवण, दुष्परिणाम, डोस चुकल्यास काय करावे हे सर्व सांगणे फार्मासिस्टचे कर्तव्य ठरवले आहे. गर्दीच्या वेळी सगळे सांगणे शक्य नसते, हे मी अनुभवाने कबूल करते. पण कोणाला कोणत्या दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत, ही निवड करता येणे हेच खरे शिक्षण आहे.

आता वर्तनाविषयी. येथे मला थोडे कठोर लिहावे लागेल.

काउंटरवर नाही म्हणता आले पाहिजे. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागणारा शेजारी, ‘मागच्या वेळी हीच दिली होती’ म्हणून रिकामी स्ट्रिप दाखवणारा ग्राहक, आणि झोपेच्या किंवा वेदनेच्या गोळ्या नशेसाठी मागणारी कॉलेजातली पोरे, या तिघांना नकार देण्याची रीत वेगवेगळी आहे. पहिल्याला समजावून, दुसऱ्याला डॉक्टरांकडे पाठवून आणि तिसऱ्यांना शांतपणे, वाद न वाढवता. २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ परिशिष्टातील औषधे, ज्यांत क्षयरोगाची औषधे, काही वरच्या पिढीतील अँटिबायोटिक्स आणि सवय लावणाऱ्या काही गोळ्या येतात, ती देताना डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या यांची नोंद वेगळ्या वहीत करून ती वही तीन वर्षे जपावी लागते. चिठ्ठीतला ब्रँड नसला तर ‘एच’ परिशिष्टातील, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या यादीतील, औषधाऐवजी आपल्या मनाने दुसरे देता येत नाही. ही कलमे विद्यार्थ्यांना परीक्षेपुरती पाठ असतात. परंतु मालक दुकानात नसताना, ओळखीचा माणूस समोर असताना आणि गल्ल्यात पैसे येत असताना ती पाळायची असतात, हे त्यांना प्रत्यक्ष उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

गुप्ततेबद्दल एवढेच सांगते की गाव लहान असते. कोण क्षयाची औषधे नेतो, कोणत्या मुलीने गर्भचाचणीची पट्टी घेतली, कोणाच्या घरी मानसिक आजाराच्या गोळ्या जातात, हे दुकानाच्या पायरीखाली उतरता कामा नये. चिठ्ठीचा फोटो मित्रांच्या गटात ‘हे काय लिहिलंय?’ म्हणून टाकणे आता सर्रास चालते. त्यावर रुग्णाचे नाव, वय, निदान सारे असते.

माझा सर्वांत मोठा आक्षेप मात्र नोंदींच्या खोटेपणावर आहे, आणि त्याची मुळे महाविद्यालयातच आहेत. प्रयोग न करता मित्राच्या जर्नलमधून निरीक्षणे उतरवायची, उत्तर आधी ठरवून आकडे मागे जुळवायचे, सबमिशनच्या आदल्या रात्री सत्राची सगळी पाने भरायची, हे वर्षानुवर्षे चालते आणि प्राध्यापकांना ते ठाऊक असते. हाच विद्यार्थी पुढे ‘एच-१’ची वही तपासणीच्या आदल्या दिवशी भरतो, फ्रिजचे तापमान रोज ४ अंश लिहितो आणि कारखान्यात गेला तर बॅच रेकॉर्डवर न केलेल्या तपासणीपुढे सही करतो. औषधांच्या व्यवसायात अशा सहीची किंमत आपण पाहिलेली आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाने दूषित ग्लिसरीन दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले, आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगासमोर रुग्णालयापासून औषध प्रशासनापर्यंत कोणी काय तपासायचे टाळले ते उघड झाले. तेच रसायन २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या सिरपमधून लहान मुलांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. अशा वेळी प्रशासनाकडून बॅच क्रमांकासह सूचना येते. मेडिकलमधल्या माणसाने बिलावर बॅच क्रमांक खरा लिहिला असेल तरच ती बाटली कोणाच्या घरी गेली हे शोधता येते. बिलावर बॅच न पाहता काहीतरी टाकण्याची सवय असेल तर त्या सूचनेचा काहीच उपयोग नाही.

प्रशिक्षणाचे न भरलेले तास भरलेले दाखवणे हाही त्याच जातीचा खोटेपणा आहे, आणि त्यापुढची पायरी म्हणजे प्रमाणपत्र भाड्याने देणे. नाव एका फार्मासिस्टचे, परवाना त्याच्या नावावर, तो नोकरी करतो पुण्यात आणि इकडे औषधे देतो दहावी-बारावी झालेला मुलगा: हा प्रकार आपल्या दोन्ही जिल्ह्यांत नाही असे कोणी छातीठोकपणे सांगू शकेल का? महिन्याला घरबसल्या काही हजार मिळतात म्हणून पालकच ‘नाव लावून ठेव’ असा सल्ला देतात. त्या मुलाच्या हातून एखाद्या बाळाला चुकीचे ड्रॉप्स गेले तर जबाबदारी कागदावरच्या फार्मासिस्टची असते, हे त्या पालकांना कोणी सांगत नाही. महाविद्यालयाने प्रवेशाच्या दिवशी पालकांसमोर सांगावे.

म्हणून माझी महाविद्यालयांना विनंती आहे की पदवी असो वा पदविका, शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याची एक काउंटर-परीक्षा घ्यावी. समोर रुग्णाच्या भूमिकेत एखादा प्राध्यापक किंवा गावातली एखादी ज्येष्ठ व्यक्ती बसवावी, खऱ्या चिठ्ठीसारखी चिठ्ठी द्यावी आणि विद्यार्थी काय विचारतो, काय सांगतो, काय नाकारतो ते पाहावे. त्याने शेवटी ‘आता तुम्ही मला सांगा, कसं घ्यायचं?’ असे विचारून रुग्णाकडून उत्तर वदवून घेतले की नाही, यावर निम्मे गुण ठेवावेत. दुष्परिणामाची तक्रार आल्यास भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचा अर्ज प्रत्येकाने निदान एकदा स्वतः भरलेला असावा. १८००-१८०-३०२४ हा त्याचा निःशुल्क क्रमांक काउंटरवर चिकटवलेला असावा. फार्मासिस्ट दिनाला आणि फार्मसी सप्ताहात आपण रॅली काढतो, फलक धरतो, छायाचित्रे छापून आणतो. रॅलीला माझा विरोध नाही, पण त्या एका सकाळी तेच विद्यार्थी मिरजेच्या शासकीय रुग्णालयाच्या किंवा साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयाच्या आवारात, प्रशासनाच्या परवानगीने, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली रुग्णांना त्यांच्या हातातील औषधे समजावून सांगत बसले तर दोन्ही बाजूंचा अधिक फायदा होईल.

माझ्या व्यवसायबंधूंना सांगायचे ते थोडक्यात. विद्यार्थ्याला माल उतरवायला, धूळ झटकायला आणि चहा आणायला तीन महिने ठेवून त्याला प्रशिक्षण म्हणू नका. एक्स्पायरी तपासणे, माल लावणे हेही त्याने शिकावे, परंतु रोज काही वेळ तरी त्याला तुमच्या शेजारी, तुमच्या नजरेखाली, रुग्णाशी बोलू द्या. आणि जो आलाच नाही त्याच्या नमुन्यावर ओळखीखातर सही करू नका.

ज्या महाविद्यालयाला आवारात सरावाचे काउंटर उभारायचे असेल त्याला रिकामी खोकी, सरावाचे इन्हेलर, दोन्ही प्रकारच्या सिरिंजा आणि नावे खोडलेल्या जुन्या चिठ्ठ्यांच्या प्रती मी देऊ शकते. प्राध्यापकांनी प्रत्यक्ष येऊन बोलायचे ठरवल्यास दुपारी दोन ते चारच्या दरम्यान यावे. सकाळी ओपीडीच्या वेळी आणि संध्याकाळी मला रुग्णांपुढे आपल्याकडे लक्ष देता येणार नाही.

आपली विश्वासू,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट,
मिरज, जि. सांगली